यंदा हे घरीच

८ नोव्हेंबर

सकाळी मुकादमाची गाडी आली आणि यांना न घेता गेली.

चौदा वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी हे पंधरवडाभर घरी येतात, मग गाडीत बसतात आणि शहरात बिल्डिंगा बांधायला निघून जातात. आज गाडीने हॉर्न दिला, पुन्हा दिला. हे बाहेर गेले, खिडकीशी वाकले, म्हणाले, "यंदा नाही येत." मुकादम हसला. "बायकोच्या पैशांवर बसून खाणार?" हे म्हणाले, "हो." गाडी गेली.

पैसे माझ्या फोनवर येतात. संस्थेचे. वर्षापूर्वी त्यांची माणसं आली, म्हणाली गावात प्रत्येक घराला दर महिन्याला देऊ, दोन वर्षं, अट काही नाही. सासूबाई अजून अट शोधताहेत. पहिल्या वर्षात छताला नवे पत्रे आले, विहिरीवर मोटर आली. दुसऱ्या वर्षी नवरा आला. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पैसे आहेत, तोवर हेही आहेत. नंतरचं कुणी बोलत नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर आम्ही चौघी अंगणात उभ्या — मी, सासूबाई, थोरली, धाकटी — यांच्याकडे बघत. हे म्हणाले, "मी कुठे बसू?" थोरलीने खुर्ची आणून दिली.

९ नोव्हेंबर

चांगली गादी यांना दिली आहे. पाहुण्यांची. किती दिवस द्यायची असते?

१७ नोव्हेंबर

ही वही धाकटीची, कोरी होती, गाडी गेली त्या दिवशी लिहायला घेतली. कारण असं — आधी रोज संध्याकाळी यांचा फोन यायचा. मी सगळं सांगायचे. कोंबडी खुडूक बसली, सासूबाई काय बोलल्या, कुणाचं कुणाशी वाजलं. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. आता हे समोरच असतात. संध्याकाळ होते आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसतो. काल म्हणाले, "बाकी काय?" मी म्हटलं, "काही नाही." फोन ठेवायचीही सोय नाही!

सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "हा आजारी आहे का गं? माझ्यापासून लपवू नकोस." मी म्हटलं, आजारी नाहीत, घरी आहेत. त्यांना ते पटलं नाही.

धाकटी सहा वर्षांची. रोज सकाळी विचारते, "हे कधी जाणार?" माझं ऐकून तीही यांना 'हे'च म्हणते. बाबा म्हण, असं सांगितलं आहे.

३ डिसेंबर

यांनी मला न विचारता स्वयंपाकघरात फळी ठोकली. सुरेख ठोकली आहे, हातात कसब आहे, नाही म्हणायचं नाही. पण स्वतःच्या उंचीने ठोकली. माझे सगळे डबे वर. डाळ काढायची तर यांना हाक मारायची, आणि हे शेतात! सांगितलं तर दुपारभर खपून एक स्टूल करून दिलं. फळी खाली घेणं यांच्या डोक्यात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रोज चढते-उतरते.

पाहुण्यांची गादी आज आत ठेवली. यांनी रात्री आपणच गोधडी अंथरली.

२१ डिसेंबर

आज कांद्याचं रोप गेलं.

शेत गेली काही वर्षं थोरलीच बघते. म्हणायला मी आणि ती, पण खरं तीच. एकोणीस वर्षांची आहे. शाळा संपली तशी शेतात आली आणि तिसऱ्याच वर्षी पाट मोडून दुसरीकडून काढला, कारण जुना पाट उताराला होता आणि माती घेऊन जायचा. यांना हे कुठून ठाऊक? पहाटे उठून, कुणाला त्रास नको म्हणून, यांनी आपल्या वडिलांच्या वेळच्या पाटाने पाणी सोडलं. तिथे आता रोप होतं. आम्ही पोचेपर्यंत चिखल झाला होता.

सासूबाई बांधावरून म्हणाल्या, "पाठवून दे याला परत." पोटच्या मुलाला!

हे चिखलात उभे होते. थोरलीला म्हणाले, "मला सांगायचं ना." ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही, बाबा." मग दोघं बराच वेळ रोप शोधत राहिले, जे वाचलं ते वेचलं. मी चहा घेऊन गेले, तो गार झाला तरी कुणी घेतला नाही.

२४ डिसेंबर

रोप गेलं त्याच रात्री हे थोरलीला म्हणाले, "मला शिकव." मला बरं वाटलं. बाप असा पोरीसमोर कमीपणा घेत नाही सहसा.

तिने तीन दिवस सगळं दाखवलं. कुठला वाफा किती पाणी पितो. मोटर अडली तर कुठे थोपटायची. कुठला व्यापारी वजनात मारतो आणि तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं. हे मान हलवत मागे-मागे. पोरगी शिकवण्यात हुशार आहे. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही.

१५ जानेवारी

मोटर आता हेच बघतात. बाजारही. पूर्वी थोरली पोती घेऊन जायची, दिवसभर तराजूपाशी बसायची. यांना ते बघवेना. "मी असताना पोरीने उन्हात का बसायचं? एवढी वर्षं बसली ती पुरे." डोळे भरून आले होते यांचे, खरंच. मी थोरलीला म्हटलं, बघ, किती जीव आहे बापाचा. ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी हे माल लवकर विकून आले, खूश. हिशोब केला तर फुकट वाटल्यासारखं. गिऱ्हाईक मागेल तेवढं वर टाकत होते. "लोक चांगले आहेत गं," म्हणाले. असणारच!

थोरली दुपारी दाराशी बसून रस्त्याने जाणाऱ्यांना भाव विचारत होती. आराम करतेय. तिला मिळायलाच हवा होता.

२ फेब्रुवारी

आज भांडलो. मोठ्याने. कारण आठवत नाही. फोनवर आम्ही कधी भांडलो नव्हतो.

१९ मार्च

संस्थेची मुलगी आली होती टॅब घेऊन. पैशांमुळे काय बदललं ते विचारते आणि बोट लावते. छत? झालं. मोटर? झाली. दोन्ही वेळा पोटभर? हो. आणखी काही? मी म्हटलं, नवरा घरी आहे. तिने टॅब वरखाली केला. तसा रकाना नव्हता. म्हणाली, "ताई, 'इतर'मध्ये टाकते. चांगला बदल की वाईट?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "पुढच्या खेपेला विचारा."

मग तिने थोरलीला विचारलं. थोरली म्हणाली, "मला आता वेळच वेळ आहे." मुलीने ते चांगल्यात टाकलं. चहा घेऊन गेली, साखर कमी म्हणाली.

५ मे

शेत रिकामं आहे तर यांना गावातच काम मिळालं. सगळ्यांकडे तेच पैसे, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी न्हाणीघर सुचलं आहे. गवंडी एकच — हे. एका घरी जेवतात, दुसऱ्या घरी चहा. सासूबाई आता म्हणतात, "माझा मुलगा." डिसेंबरात तो 'तुझा नवरा' होता.

आज दुपारी एक गोष्ट कळली. हे नेहमी भिंतीला पाठ लावून झोपतात, जागा बदलू देत नाहीत. धाकटीला तीच जागा हवी होती, रुसून बसली. तर तिला सांगत होते — "अगं, शहरात आम्ही जिथे झोपायचो ना, तिथे भिंतच नसते. बिल्डिंग अर्धी असते. झोपेत कूस बदलली की खाली! मग आम्ही कमरेला दोरी लावून खांबाला बांधून घ्यायचो. म्हशीसारखे." धाकटी खो खो हसली. हेही हसले.

मी तांदूळ निवडत होते. चौदा वर्षं रोज फोनवर बोललो. आमची कोंबडी कधी खुडूक बसली ते यांना माहीत, आणि दोरीचं मला माहीत नाही. फार वाईट वाटलं. तांदूळ दोनदा निवडले गेले.

६ मे

यांनी परत जाऊ नये. लिहून ठेवते. तोंडाने म्हणवत नाही.

१२ जुलै

धाकटी यांच्या पाठीवर बसून शेतात जाते. 'बाबा' म्हणते, तेही ओरडून. मी हाक मारली तर येत नाही.

थोरलीशी आज चिडून बोलले. दिवसभर फोनमध्ये डोकं. म्हटलं, बाबांना जरा मदत कर. गेली. थोड्या वेळाने परत आली. म्हणाली, "त्यांनी सगळं केलंय." बरोबर आहे, यांच्या कामाला कुणी हात लावलेला यांना आवडत नाही आता. वाफे यांनी एवढे सरळ केले आहेत, भिंत ओळंब्यात धरावी तसे.

३० सप्टेंबर

अजून एकदा पैसे येतील. न्हाणीघरं संपली गावातली. यांच्या फोनवर मुकादमाचे दोन मिस्ड कॉल होते. मी पाहिले, यांनी सांगितले नाहीत. जेवताना मी म्हटलं, "जायचं तर जा. आम्हाला सवय आहे." कशाला म्हटलं? यांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

१४ ऑक्टोबर

पैसे आले. शेवटचे. खाली आभाराचा मेसेज. आभार आम्ही मानायचे की त्यांनी? सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं, अट असणार? संपले, हीच अट."

यांनी सांगितलं, कांदा चांगला आहे, दोन गोठ्यांचं बांधकाम बोलून ठेवलंय, निभेल. 'निभेल' म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर

मुकादम घरी आला. हे शेतात. थोरलीने चहा दिला, मी दाराआड उभी राहून ऐकत होते, यांचा विषय निघतो का. नाही निघाला. पावसापाण्याचं बोलला, कांद्याचा भाव विचारला. थोरलीने भाव सांगितला, आणि दोन महिन्यांनी काय होईल तेही. तो म्हणाला, "तुला बरंच कळतं गं." मग उठला.

थोरली त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ बोलत होती. हात जोडल्यासारखंही दिसलं. बापाला नेऊ नका म्हणून गळ घालत असणार. गुणी पोर आहे. मी तिला काही विचारलं नाही. तिला अवघडल्यासारखं होईल.

७ नोव्हेंबर

आज म्हटलं. हे मोटरीपाशी होते, मी डबा घेऊन गेले होते. म्हटलं, "जाऊ नका." एवढंच. हे हात पुसत म्हणाले, "मी कधी म्हटलं जातो म्हणून? तूच म्हणालीस सवय आहे." मुकादमाला यांनी महिन्यापूर्वीच नाही म्हणून कळवलं होतं, फोनवर! मला सांगायचं ना. तर म्हणे, तू विचारलं नाहीस.

मला रडू आलं. मोटर चालू होती, म्हणून बरं. हे म्हणाले, "पाणी वाया जातंय," आणि माझा हात धरून वाफा ओलांडून नेलं. एवढी सुखात मी कधी होते ते आठवत नाही. संध्याकाळी सगळ्यांना गोड केलं. थोरलीने दोनदा मागून घेतलं. सासूबाईंचे पाय चेपत बसली नंतर, कुणी न सांगता.

९ नोव्हेंबर

सकाळी गाडी आली. हे मुद्दाम बाहेर गेले नाहीत, दात घासत राहिले. हॉर्न वाजला नाही. थोरली बॅग घेऊन आतून आली, माझ्या आणि सासूबाईंच्या पाया पडली, यांच्या पडली, आणि जाऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. साइटवर माल मोजून घ्यायला माणूस हवा होता म्हणे मुकादमाला. मी धावले, काच धरली. म्हटलं, उतर. पैसे कमी पडतील म्हणून जातेस का? आम्ही बघू. बाबा आहेत. ती म्हणाली, "पैशांचं नाही गं आई. इथे माझं काय काम आहे, सांग."

मी सांगणार होते. आठवत होते. गाडी सुटली.