बोटातली पांढरी रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. सहा वर्षं बोरिवलीत लोकांचं रक्त तपासून कंटाळले होते. आता साकीनाक्याला मुकुल सरांच्या प्रयोगशाळेत हाडं. जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा, खाली दिवसभर लेथ मशीनची घरघर. पण खिडकीजवळचं मायक्रोस्कोपचं टेबल फक्त माझं. झकास.

हाडाचा कागदासारखा पातळ काप काचेखाली ठेवला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. वलयांत बारीक खळगे, आणि खळग्यात एकेक पेशी बसलेली. हाड म्हणजे दगड नव्हे. एका जातीच्या पेशी ते पोखरत असतात, दुसऱ्या जातीच्या मागोमाग भरत येतात. आधी मऊ तंतूंची जाळी, मग तिच्यात कॅल्शियम बसतं. दहाएक वर्षांत जवळजवळ सगळा सांगाडा नव्याने बांधून होतो. घरी आल्यावर आईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मगे माझो गुडघो जुनोच कसो रवलो?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांचं औषध काय करतं ते आज दिसलं. न जुळणारी हाडं जुळवण्यासाठी बनवलंय. बशीत कोंबडीच्या स्नायूच्या जिवंत पेशी वाढवलेल्या. बुधवारी मी त्यांच्यावर एक थेंब टाकला होता. आज चिमट्याने टोचलं तर टक असा आवाज आला. दोन दिवसांत मांसाचं हाड. मी विचारलं, हे थांबतं कुठे? सर म्हणाले, शरीराला कळतं. मला पटलं नाही, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. ते हसले. माझ्याआधी इथे काम करणारा सिद्धेशही असंच विचारायचा म्हणे. तो कुठे गेला? गावी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुपीतून औषध ओढताना सुई निसटली आणि हातमोज्यातून उजव्या तर्जनीत घुसली. रक्ताचा थेंबही आला नाही. सर धावत आले. लागलं का, असं त्यांनी विचारलं नाही. किती वाजले ते विचारलं आणि वहीत टिपून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोट वाकत नाही. जुन्या नोकरीतल्या श्वेताकडून एक्स-रे काढून घेतला. बोटापासून मनगटापर्यंत, स्नायू हाडाशी बांधणाऱ्या कंडरेच्या वाटेवर, एक बारीक पांढरी रेघ. श्वेताने विचारलं, आत तार राहिलीय का गं?

तार नाही. हाड आहे. मऊ असायला हवं तिथे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लॅब झाडायला येणाऱ्या विमलाताईंनी माझं मनगट पाहिलं आणि झाडू खाली ठेवला. दुपारी त्या मला मानखुर्दला, त्यांच्या शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या.

सिद्धेश गावी गेलेला नाही. खुर्चीत बसलाय. पाठ, मान, दोन्ही हात, सगळं त्याच बसण्यात गोठलंय. कातडीखाली फांद्यांसारखी हाडं. जबडा बंद. पुढचा एक दात काढलाय, त्या फटीतून विमलाताई त्याला पेज पाजतात. सरांनीच त्याला इथे ठेवलंय. दर आठवड्याला येऊन मापं घेतात. बोललीस तर तुलाही टोचीन, असं विमलाताईंना सांगून ठेवलंय.

डोळे मात्र हलतात. फटीतून हवा काढत तो एवढंच म्हणाला, "कापू देऊ नकोस. कापलं की दुप्पट वाढतं."

मी रडले नाही. राग इतका आला की रडणं जमलंच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल पोलिसांना घेऊन मानखुर्दला गेले. खोली धुऊन पुसून रिकामी. खुर्चीसुद्धा नाही. विमलाताईंचा फोन बंद. हवालदाराने माझं मनगट दाबून पाहिलं, संधिवात असेल म्हणाला.

आज लॅबमधली प्रत्येक कुपी उकळून मोरीत ओतली. सर शांतपणे बघत राहिले. एक कुपी घरी आहे म्हणाले. ती शुक्रवारी इथेच सुंदराबाईंना टोचणार. सत्तरीची बाई, जुहूला भेळेची गाडी लावायची, मांडीचं मोडलेलं हाड वर्षभर जुळत नाहीये. मी म्हटलं, तुम्ही तिला हात लावणार नाही. ते म्हणाले, तुझ्या हातात काय आहे?

२० नोव्हेंबर, गुरुवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा खांदा गेला. कोपर वीतभर हलतं, तेवढंच. आईने भरवलं. तिला सगळं सांगितलं. "तू काय करतलंस?" — सांगितलं तेही. बराच वेळ माझा हात मांडीवर घेऊन बसली. अडवलं नाही.

पळून जाऊ द्यायचं नाही त्यांना. सिद्धेशला गायब केलं तसं स्वतःला करतील.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेनऊ. सर लॅबमध्ये गेले. मी मागून लोखंडी जाळीचं सरकतं दार ओढलं. जाळीतून आणि चौकटीच्या गजामागून उजवा हात घातला, कोपर होतं तेवढं वळवलं. आणि ते तसंच गोठायची वाट बघत थांबले.

अकरा. कोपर बंद. सर हिसके देतायत. दार हलत नाही. आई सुंदराबाईंना जिन्यातच अडवून बसलीय, फोनवर पोलीस. लेथवाले वर आलेत. सगळ्यांना सांगितलं — सिद्धेश, विमलाताई, मानखुर्दची खोली, तारखांसकट.

सर म्हणाले, हात सोड. म्हटलं, सुटत नाही.

माझी बोटं त्यांच्या बाजूला आहेत. सुई भरली त्यांनी. सुंदराबाईंची कुपी. म्हणाले, सगळं तुझ्यात जाईल.

"घाल," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे. "जेवढं घालशील तेवढं दार पक्कं."

घातलं. शेवटची कुपी होती — सुंदराबाईंसाठी उरलं नाही —

मान वळत नाही. वही आईने धरलीय —

जिन्यात बूट —

जबडा गेला. चालेल. माझं बोलून झालंय. हात अजून ध