दिवा नुसतं माप घेतो

९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना टाचणीचा नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी डोळे ताणू नका, आत्याकडून वाचून घ्या. आत्या, एक ओळही गाळायची नाही हं, आणि मध्येच स्वतःची भर घालायची नाही!

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तुम्ही शिवून पाठवलेला पांढरा कोट मिळाला. प्रयोगशाळेत सगळ्यांनी त्याची कॉलर नि काजं निरखून बघितली. आमच्या बाई म्हणाल्या, "वडील शिंपी आहेत हे सांगायलाच नको." मी अशी फुगले म्हणता!

कामाचं म्हणाल तर आमचे मणी हल्ली शहाण्यासारखे वागतायत. आत्यासाठी पुन्हा सांगते. हे लेझरचे मणी, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक आणि शरीराला न बाधणारे. जिवंत पेशीच्या पोटात जाऊन बसतात. बाहेरून उजेड टाकला की तो मण्यात गरगर फिरतो आणि मणी आपल्या ठरलेल्या रंगात उजळतो. आजूबाजूचा दाब वाढला की तो किंचित चेपतो, रंग केसभर सरकतो, आणि त्यावरून दाब कळतो. या खेपेला पेशी मणी पोटात घेऊन अकरा दिवस जगल्या. मी आनंदाने किंचाळले, तर बाईंनी डोळे वटारले.

बघा, पान भरत आलं आणि माझं अजून नळ नि मणीच चाललंय.

बाबा, आत्याचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नका, रडत होती बिचारी. तुमच्या डोळ्यांतला दाब फार वाढलाय, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि तुम्ही त्यांनाच ऐकवलंत, "माझी मुलगी डोळ्यात बसवायचा दिवा करतेय. मी थांबतो." दोनदा तारीख मोडलीत म्हणे.

चूक माझी आहे. मी गणितात नापास झाले तेव्हा तुम्ही कात्री आपटून म्हणालात, "आता पुढे काय दिवे लावणार आहेस?" आणि मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुमच्या डोळ्यांत लावीन!" पुढे ही नोकरी लागली आणि तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटलात, "आमची पोरगी दिवे लावतेय, खरेखुरे!" फोनवर पहिला प्रश्न तोच, "दिवा कुठवर आला?" मी म्हणायची, "येतोय, येतोय." तुमचा आवाज इतका खूश असायचा की मला खरं सांगवेना. लाज वाटते हो मला.

खरं हे आहे की आमचा दिवा नुसतं माप घेतो, शिवत नाही. टेप कितीही चांगली असली तरी तिने कोट होतो का? दाब किती ते तो सांगेल, उतरवणार नाही. आणि तेवढं सांगायलाही तो अजून काचेच्या वाटीबाहेर पडलेला नाही. माणसाच्या डोळ्यात जायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तुमच्या डोळ्यांपाशी तेवढा वेळ नाही, बाबा. गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय तेवढी तरी वाचवूया.

कोटाचंही सांगायचं टाळलं. डावी बाही उजवीकडे लागलीय नि उजवी डावीकडे. हात पुढे केला की काखेत ओढतं. चाळीस वर्षांत तुमच्या हातून असं झालेलं नाही. पहिल्या दिवशी तो घालून आरशासमोर उभी राहिले आणि दोन्ही बाह्या पुन्हा पुन्हा चाचपून बघितल्या. तरी कालपर्यंत रोज तोच घातला.

डॉक्टरांशी मी बोललेय. मंगळवारी सकाळी आठला जायचं. मी सोमवारीच येऊन थडकतेय, तेव्हा पळवाट शोधू नका. बाईंनी महिन्याची रजा दिलीय, थेंब मीच घालणार.

कोट बरोबर आणतेय. काल दोन्ही बाह्या उसवल्या, जुळवायच्या खुणांना जाड निळा दोरा घातला, तुम्हाला दिसेल असा. ऑपरेशननंतर, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, तुम्हीच लावायच्या. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. इतके दिवस तुम्ही माझ्यासाठी थांबलात ना? आता तुम्ही जा. मी थांबते.

तोवर बिनबाह्यांची,
तुमची टाचणी