गडवाभर ओल

बोरगाव मेघे, वर्धा
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप सौ. आईस,
नयनचा सा. न. वि. वि.

कंडक्टर प्रभाकरकाकांनी डबा हातात दिला. भरीत अर्ध्याहून जास्त सपनानेच खाल्लं. माझ्या खोलीत राहते म्हणून तिचा हक्क आहे म्हणे.

मी दिवसभर काय करते, असं तू विचारलं होतंस. आमच्या संशोधन संस्थेतले सगळे कॉम्प्युटर, त्यांना जोडणाऱ्या तारा, शास्त्रज्ञांचे मेल आणि आकडे एकमेकांपर्यंत पोचवणं, हे सगळं आमच्या लहानशा खोलीतून चालतं. पोस्टासारखंच समज. कोणाच्या पत्रात काय आहे ते वाचायचं नाही, पोचलं की नाही तेवढं बघायचं. आपल्या शेतातले आकडे मात्र मी वाचते.

त्यातच एक कोडं पडलंय. आमच्या शास्त्रज्ञ भावना मॅडमनी आपल्या वांग्याच्या शेतात ओल मोजायचा खांब रोवलाय ना, त्याची कॉम्प्युटरवरची रेघ रोज सकाळी एकदम चढते आणि दुपारपर्यंत उतरते. ओलिताचं पाणी सोडलं नसलं तरी चढते. आधी मला आमच्याच नेटवर्कचा घोळ वाटला, म्हणून सगळं तपासलं. आंजी गावच्या शेतातल्या खांबाची रेघ मात्र सरळ आहे. मॅडम म्हणतात, आपला खांब बिघडलाय, उपटून दुसऱ्याच्या शेतात नवा लावू. मला ते पटत नाही. तिथे दव जास्त पडतं का? कोणी हातपाय धुतं का? जरा लक्ष ठेव.

हिंगणघाटचं स्थळ नाकारून मी नोकरी धरली, तेव्हापासून बाबा माझा फोन घेत नाहीत. त्यांना यातलं काही विचारू नकोस. खांबाचं खापरही माझ्यावरच फुटेल.

तुझी माया डब्यात येतेच, चिठ्ठीतही येऊ दे.

तुझी,
नयन

*

समुद्रपूर
१४ फेब्रुवारी २०२४

चि. नयनले आईचे अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. झाकणाले तेल तसंच होतं. एवढी शिकली, पण डबा घासता नाई आला.

लक्ष काय ठेवू बाई, ते पाणी मीच टाकतो. तू संक्रांतीले आलती तवा बोलली होती का इथली माती ओली झाली का तुले तिथं बसल्या जागी दिसते. आता फोन तुह्या बाबाच्या खिशात राह्यते. तुह्या नावानं वाजला का ते बंदच करते. मंग मी इचार केला, रोज सकाळी वावरात गेलो का खांबाच्या बुडाशी गडवाभर पाणी टाकाचं. नयनले रेघ दिसन, तिले समजन आई उठली, बरी हाय. तू येवढी शिकली, अन् तुले हे काऊन नाई समजलं?

खांब बिघडला नाई. त्याले उपटू देजो नको. तो गेला तं मी तुले कशानं सांगू?

इकडं वांग्याले भाव बरा हाय. जेवत जाजो. आशीर्वाद हायेच.

आई

*

बोरगाव मेघे, वर्धा
१८ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी ऑफिसात वाचली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. इतके दिवस मी तारांवर संशय घेत होते आणि तू रोज माझ्याशी बोलत होतीस.

पण आई, त्या आकड्यांवरून मॅडम शेतकऱ्यांना सांगणार आहेत की वांग्याला पाणी कधी द्यायचं. तुझ्या गडव्याने त्यांचं उत्तर चुकलं असतं. गप्प बसले असते तर खांब बिघडला म्हणून उपटला गेला असता, आणि सांगितलं तरी राहील याची खात्री नव्हती. तरी मी सांगितलं. मॅडमनी आपल्या शेताची रेघ पहिल्यापासून उघडून पाहिली. मग म्हणाल्या की या हंगामातले आपल्या शेताचे आकडे त्यांना टाकून द्यावे लागतील. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं की आई अजून पाणी घालते का. मी म्हटलं, घालणार नाही. त्यावर खांब ठेवायला त्या तयार झाल्या.

म्हणून आता पाणी नको. पण खांबाच्या माथ्यावर सूर्याच्या उजेडावर चालणारी काळी पाटी आहे ना, तिच्यावर धूळ बसली की बॅटरी उतरते. ती रोज पुसायला मॅडमना कोणीतरी हवंच होतं, मी तुझं नाव दिलं. फडकं पाटीवर फिरलं की उजेड अडतो आणि बॅटरीच्या रेघेला खळी पडते. ती रेघ संशोधनात जात नाही. ती फक्त ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर दिसते.

उद्यापासून मी खळीची वाट बघीन. मायेची तर रोजच बघते.

तुझी,
नयन

*

समुद्रपूर
२५ फेब्रुवारी २०२४

चि. नयनले आशीर्वाद.

मॅडमले सांग का म्या त्यांचं नुकसान मुद्दाम नाई केलं. आता मी बुडाशी पाह्यतही नाई, माथाच पुसतो. बाजूच्या वावरातली भावजय इचारे का खांबाची पूजा करून राह्यली का. म्या म्हटलं, हो.

काल तुले दोन खळ्या दिसल्या असन. तारेत काई बिघाड नाई, उगाच शोधत बसू नको. पयली माही. खळीची गोष्ट म्या परवा जेवताना तुह्या बाबाच्या कानावर घातली होती. मंग मी वांगे तोडाले वाफ्यात गेलो. वळून पाह्यतो तं तुहे बाबा खांबापाशी. खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् पाटी पुसाले लागले. मी आधीच लख्ख पुसली होती, पुसासारखं काईच नव्हतं. मी दिसलो तसं म्हणाले का धूळ लई हाय.

त्याईले सांगजो नको का म्या तुले लिवलं. पण उद्या सकाळी रेघ पाह्यजो.

आई