बाबलीकाकांच्या वखारीत पृथ्वी फिरते

मालवण, १४ मे १९६०

ती. लवूदादास,

शिरसाष्टांग. तुझा खोकला गेला असेल आणि वहिनींचा माझ्यावरचा राग गेला नसेल, असे धरून चालतो. गेल्या सोमवारी दुपारी एक लोखंडी वजन दोन बोटे उजवीकडे सरकले आणि माझा जन्म सार्थकी लागला.

मी कॉलेज अर्धवट टाकल्यापासून तुळसाचे वडील बाबलीकाका मला पाहून थुंकतात, हे तुला ठाऊक आहेच. (प्राध्यापकाशी भांडलो खरा, पण ते तुळसाच्या विरहाने. त्याला काय कळणार!) रविवारी त्यांच्या ओट्यावर मी सहज म्हणालो की पृथ्वी आपल्याला घेऊन गरगर फिरते आहे. ‘फिरता, तर माका भोवळ खंय येता?’ काका म्हणाले. ‘कॉलेजात ह्यां शिकलंस? आणि असल्याक माझां चेडू देऊ?’ (चेडू म्हणजे आमची तुळसा.) दादा, माझे डोके तुला माहीत आहे. म्हणालो, दाखवतो.

त्यांची मिठाची वखार सध्या रिकामी. आढ्याला लांब दोरी बांधली, तिला तराजूचे दहा शेरी वजन, खाली पिठाची रेघ. वजन हाताने सोडले तर धक्का लागतो, म्हणून ते सुतळीने मागे ओढून बांधले आणि सुतळी अगरबत्तीने जाळली. झोका रेघेवरून निघाला, तासाभरात उजवीकडे कलला. झोका आपली वाट सोडत नाही, खालची जमीनच फिरते (मालवणात ताशी चार अंश, ध्रुवावर पंधरा, पण तिथे तुळसा नाही). हे समजावायला वळलो, तर काका हात जोडून उभे! देवळात पाकळी उजवीकडे पडली की होकार. इथे तर पीठ, अगरबत्ती, सगळेच होते. ‘चेडू ह्या खुळ्याक देऊ काय’ असे त्यांनी मनातल्या मनात विचारलेही होते. ‘देवान उजवो कौल दिल्यान!’ झोक्याच्या पलीकडून तुळसाची आई राधाकाकू ओरडल्या, ‘हयसूनय उजवोच दिसता!’ (दिसणारच. कुठल्याही बाजूला उभे राहा.) देव कसला, पृथ्वी, असे मी ओरडणार तोच तुळसाने माझ्या पायावर असा पाय दिला की विज्ञान घशातच राहिले. लग्न ठरले. मी सुखात आहे.

तुझा,
बाळा

ता.क. आज तुळसाला वेंगुर्ल्याच्या एका कारकुनाचे स्थळ सांगून आले. काका म्हणतात, ‘ह्येचोय कौल घेवया.’ दादा, ते वजन त्यालाही उजवेच जाणार! विषुववृत्ताच्या खाली, जिथे झोका डावीकडे कलतो, तिथे नेल्याशिवाय ते कुणालाच नाही म्हणायचे नाही.

ता.क. २. मुंबईहून दहा किलोचे नवे वजन आण, पण लग्न लागल्यावरच काकांना दे. तुळसा मघाशी विहिरीवर गेली, तेव्हा तिची घागर जाताना जड होती आणि येताना हलकी. काकांना वजन सापडत नाही. बाहेरून हाक आली, ‘जावयानु, सोदूक येतास मा?’ मला जावई म्हणाले, दादा! तोंड लांब करून निघालो. दार ओढून घेतो.