योपला मी दिलेली दाद

६ ऑक्टोबर १९९४, गुरुवार
इथे बहारीनमध्ये, मनामाच्या हॉटेलात नवा डच गायक. योप. गिटार, काउबॉय हॅट, गाणी स्वतःचीच. तीन टेबलं भरलेली, त्यातलं एक माझं. श्रोते कसले, मढी! गाणं संपल्यावर चार टाळ्या. ही काय दाद झाली? सुंदर जागा आली की तिथल्या तिथे "वा! क्या बात है!" जायला हवं. मी दिली. योप दचकला, ओळ विसरला. पहिल्यांदाच अस्सल रसिक भेटला बिचाऱ्याला.
संकल्प : योपला मोठा करणे.

७ ऑक्टोबर
बायकोला, मेधाला सांगितलं. म्हणाली, पंखा कधी पुसताय? कस्तुरी म्हणाली, "बाबा, प्लीज, नॉट अगेन." मंडळाच्या गणपतीत मी निवेदन केलं तेव्हापासून ही पोरगी माझ्याबरोबर चारचौघांत येत नाही. चौदा वर्षांची आहे. दाखवतोच तिला, बाप काय चीज आहे.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
अकरा वेळा वा वा. तीन वेळा वन्स मोअर, पैकी दोन गाणं चालू असताना. एका पेप्सीवर तीन तास. ब्रेकमध्ये योपला गाठलं, मन मोकळं केलं. घरी माझं कुणी ऐकत नाही म्हणालो. गंभीर झाला. माझं नाव स्पेलिंगसकट लिहून घेतलं!

२० ऑक्टोबर, गुरुवार
योपने माझ्यावर गाणं केलं!! डचमध्ये. "मिस्टर सदानंद" सात वेळा. बाकी शब्द कळले नाहीत. ध्रुवपदाला अख्खा हॉल "वा! वा!" ओरडतो. गोऱ्यांना दाद द्यायला कुणी शिकवलं? मी! उभा राहून नमस्कार केला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. फार आनंदी लोक.

२५ ऑक्टोबर
ऑफिसातला मुख्तार सांगत होता, तिथे आता टेबल मिळत नाही. बुकिंग करताना लोक विचारतात, तो माणूस येणार ना? योप नव्हे. मी.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
योपचा शेवटचा कार्यक्रम. कस्तुरीला हट्टाने नेलं. शेजारच्या टेबलावर तिच्या वर्गातली डच मुलगी, आईवडिलांबरोबर. माझं गाणं तीनदा झालं. मुलगी कस्तुरीच्या कानात ओळन् ओळ सांगत होती. कस्तुरी बाथरूमला म्हणून उठली, ती थेट गाडीपाशीच भेटली.

२८ ऑक्टोबर
अर्थ विचारला. एरवी इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी पोरगी चक्क मराठीत बोलली. "पुढच्या टेबलावर एक माणूस बसतो. एका पेप्सीवर तीन तास. घरी त्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून माझ्यावर ओरडतो. वहिनी, त्याला एकदा घरी बोलू द्या, म्हणजे मला गाता येईल."
मी म्हटलं, डच विनोद आपल्याला नाही कळायचा. ती खोलीत निघून गेली.

१६ डिसेंबर, शुक्रवार
मुख्तार म्हणतो, हॉलंडात त्या गाण्याच्या कॅसेट तडाखेबंद खपतायत. योप मोठा झाला. आमचा डच साहेब मला लिफ्टमध्ये "वा वा" म्हणतो. मी हसतो.
संध्याकाळी कस्तुरी भांडी पुसताना तीच चाल गुणगुणत होती. गळा गोड आहे पोरीचा, आजवर लक्षच गेलं नव्हतं. वरचा सूर इतका नेमका लागला, की माझ्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि गाणं थांबवलं.
म्हटलं, गा ना, मी काही बोलत नाही. ती गायली नाही.
पंखा पुसायला घेतला.