पट्टा नसलेल्या भिंती

९ मार्च
बायको जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत उकरून काढलंत म्हणून वाचल्या." कुणाच्या भिंतीखालून, ते त्यांनी विचारलं नाही. भिंत माझीच. मीच बांधलेली.

१५ मार्च
भूकंपाला आठवडा झाला. डोंगरावरून अजून दगड येतात, सगळं गाव उघड्यावर. गावातली एकवीस घरं माझ्या हातची — उभी राहिली चार. शिंपीणबाईंची आई गेली. तेही घर मीच बांधलेलं.

३ मे
पत्र्याची खोली मिळाली. बायको कुबड्यांवर आत आली, चौफेर बघितलं. "झाडायला सोपी आहे. तुम्हीच झाडा." दिवसभर हुकूम सोडते. बरं वाटतं.

२० ऑगस्ट
नवा पाय बसवला. "हा माझ्यापेक्षा तरुण दिसतोय," म्हणाली. दारापर्यंत जाऊन आली, घामाघूम. मी मागून हात पसरून चालत होतो. "कोंबडी धरताय का?" कितीतरी दिवसांनी दोघंही हसलो.

२१ ऑगस्ट
आज तेरा पावलं. न धरता!

११ जानेवारी
पत्र्याखालचा तिसरा हिवाळा. लोक घरं बांधायला बोलावतात, मी पाठदुखी सांगतो. पाठ ठणठणीत आहे. बायकोला कळतं.

४ फेब्रुवारी
एक इंजिनिअर बाई आल्यात, गवंड्यांना शिकवायला. वयानं मुलीएवढ्या. मी टाळत होतो. बायको म्हणाली, "पाठ दुखते ना? मग बसून ऐका." गेलो.
बाईंनी फळीवर दोन छोटी घरं मांडली आणि फळी हलवली. एक लगेच फुटलं. दुसऱ्याच्या चारही भिंतींवरून सळ्या घालून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला होता — ते तडकलं, पण उभं राहिलं.
माझ्या एकाही घराला पट्टा नाही. तीस वर्षांत एकाही.
बायकोला सांगितलं. ती वेणी घालत होती. "तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"
"नाही."
"मग माझ्या पायापुरतं मिटलं. बाकीच्यांना मात्र तुम्हीच जाऊन सांगायचं."

५ फेब्रुवारी
शिंपीणबाईंच्या दारापर्यंत गेलो. आत मशीन चालू होतं. तसाच परत आलो. बायकोनं चहा ठेवला. साखर नेहमीपेक्षा जास्त.

६ फेब्रुवारी
सांगितलं. शिंपीणबाईंनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आई का गेली, हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं." डोळे पुसले, उठून चपला घातल्या. "आता पट्टा घालता येतो ना? चला, जागा दाखवते. माझं घर तुम्हीच बांधायचं."