गज टेकायच्या आधीचा श्वास

ताई,

आईला उठवू नकोस, आत्ताच तिचा डोळा लागलाय. जेवण झाकून ठेवलंय.

बाबा गेल्यापासून ती व्हायोलिनच्या सीडी शोधतेय, तुला माहीतच आहे. कुठलीही आणली तरी तिचं एकच, "लांबून येतं रे. जवळ बसून वाजवल्यासारखं हवं." आज दुकानदाराने कुणाच्यातरी घरच्या मैफलीचं रेकॉर्डिंग काढून दिलं. माइक वादकाच्या अगदी जवळ असणार. गज तारेवर टेकायच्या आधी तो नाकाने श्वास घेतो, तोसुद्धा ऐकू येतो.

आई ऐकताऐकता म्हणाली, "अरे, हे तर बाबा!"

मी म्हटलं, "आई, नाव दुसऱ्याचं आहे. बाबांनी कधी रेकॉर्डिंग केलंच नाही."

"ते असू दे. त्यांना आधी खुर्ची दे."

काय करणार, दिली. मग ती शांत झोपली.

खुर्ची हलवू नकोस. मला घरात बसवेना, म्हणून जरा बाहेर पडतोय. प्लेअर मी स्वतः बंद केलाय, वायरही काढून ठेवलीय. तरीही त्या खोलीत तुला काही ऐकू आलं, तर आईला विचारू नकोस. मला फोन कर, म्हणजे एकट्या मलाच ऐकू येत नाही एवढं तरी कळेल.

धाकटा